विजेरीतील चार जादा चिप्स

ज्यांच्या घरी तीन सेलांची पत्र्याची लांब विजेरी दाराआड खुंटीला टांगलेली असे, त्यांना तिचा एक स्वभाव चांगला ठाऊक आहे: सेल जसजसे उतरत तसतसा तिचा उजेड आधी पिवळा, मग तांबूस होत जाई, आणि नवे सेल आणण्याची आगाऊ सूचना ती मालकाला चार दिवस आधी देई. आता त्याच खुंटीवर ॲल्युमिनियमची, आखूड, एकाच जाड सेलवर चालणारी एलईडी विजेरी आली आहे. ती पहिल्या घटकेला जितकी प्रखर असते, जवळजवळ तितकीच पुढेही बराच काळ राहते, आणि मग थोडक्या वेळात तिचे अवसान गळते. सेल तर दोहोंतही उतरतोच. मग एकीचा उजेड त्याच्याबरोबर उतरावा आणि दुसरीचा टिकून राहावा, हे कसे?

घोटावड्यासारख्या गावी हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मुळशी तालुक्यात, मुळा नदीच्या खोऱ्यात, पावसाळा सरल्यावर पिकाला मोटारीचे पाणी द्यायचे तर थ्री-फेज विजेच्या वेळापत्रकाशी जमवून घ्यावे लागते, आणि कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास, अशा चक्राकार पुरवठ्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्याने वर्षानुवर्षे अनुभवलेली आहे. रात्रीची पाळी आली की बांधावरून चालायला, विंचूकाटा पाहायला आणि पाणी कुठवर आले ते निरखायला हातात उजेड लागतो. ज्या तालुक्याचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्यास उतरून मुंबईकरिता वीज निर्माण करीत आले, आणि जेथील धरणाविरुद्धच्या १९२१ च्या सत्याग्रहात सेनापती बापट अग्रणी होते, त्याच तालुक्यात अंधारात चालण्याची विद्या अद्याप कालबाह्य झालेली नाही, हा दैवाचा उपरोध खरा. पण तो विषय निराळा आहे, आणि स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा आहे.

उजेड लागतो म्हटले की तो अधिक असावा असे वाटणे ओघानेच येते. सोल्डरिंगचा हात असलेला एखादा तरुण अशी विजेरी खोलतो, तेव्हा एलईडीच्या पाठीमागे त्याला रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशी एक वर्तुळाकार पट्टी दिसते, आणि तिच्यावर तांदळाच्या दोन-चार दाण्यांइतक्या आकाराच्या, तीन-तीन पायांच्या काळ्या चिप्स ओळीने बसवलेल्या आढळतात. अशा आठ चिप्स असतील, तर त्यांतील चारांच्या पाठीवर आणखी चार तशाच चिप्स चढवून पायाला पाय जोडून देणे, ही उजेड वाढवण्याची एक सर्वपरिचित युक्ती आहे. सेल बदलायचा नाही, एलईडी बदलायचा नाही, पट्टीही तीच. तरी प्रवाह दीडपट होतो.

बल्ब आणि एलईडी यांचे स्वभावभेद

जुन्या बल्बमधील टंगस्टनची तार तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो. म्हणजे प्रवाह वाढू लागला की तारच त्याला आवर घालते, आणि म्हणून बल्ब थेट सेलला जोडला तरी बिघडत नाही. सेलचा दाब उतरला की प्रवाह उतरतो, तार कमी तापते आणि उजेड तांबडा होतो. त्या विजेरीच्या प्रामाणिकपणाचे रहस्य एवढेच.

एलईडीची प्रकृती याच्या नेमकी उलट. तो अर्धवाहक स्फटिकांचा सांधा असल्यामुळे एका विशिष्ट दाबापर्यंत त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, आणि तो उंबरठा ओलांडला की दाबात झालेल्या क्षुल्लक वाढीनेही प्रवाह भरमसाट वाढतो. त्यात भर अशी की, एलईडी तापला की तोच प्रवाह वाहून नेण्यास त्याला पूर्वीपेक्षा कमी दाब पुरतो. सबब दाब स्थिर ठेवला तर तापलेला एलईडी अधिक प्रवाह ओढतो, अधिक प्रवाहाने अधिक तापतो, आणि आवर घालणारे कोणी नसेल तर हा क्रम त्याच्या नाशापर्यंत जाऊ शकतो.

पांढरा उजेड देणारा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्या निळ्या प्रकाशाचा काही भाग वर लावलेल्या पिवळ्या स्फुरकद्रव्यात शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे साधले त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा प्रकाश उपजवण्यास ऊर्जा अधिक लागत असल्यामुळे या एलईडीला सुमारे तीन ते साडेतीन व्होल्टचा दाब लागतो. इकडे, १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन जातीचा सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि रिता होताना तीनच्या आसपास येतो. अठरा मिलिमीटर व्यासाचा व पासष्ट मिलिमीटर लांबीचा, म्हणून १८६५० या अंकांनी ओळखला जाणारा सेल याच जातीचा. सेलजवळ एलईडीच्या गरजेपेक्षा किंचित अधिक दाब असावा आणि तो अधिकपणा बहुतेक काळ टिकावा, हा योगायोग विजेरी बनवणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला. प्रश्न उरतो तो त्या किंचित अधिकपणाचा बंदोबस्त कोणी करायचा, एवढाच.

दारे धरणारा गडी

तो बंदोबस्त करणाऱ्या पट्टीला ड्रायव्हर म्हणतात, आणि आपल्या प्रकारच्या पट्टीवर ते काम तैवानच्या ॲडटेक कंपनीच्या एएमसी ७१३५ या चिपकडे, किंवा तिच्या बेमालूम नकलांकडे, सोपवलेले असते. पाटाचे पाणी खाचरात घेणारा गडी फावडे घेऊन दाराशी उभा राहतो. पाटाला पाणी वाढले की दाराशी मातीचा एक पेंड टाकतो, ओसरले की तो काढतो, आणि खाचरात शिरणारी धार मात्र एकसारखी राखतो. ही चिप तेच करते. तिच्यातून जाणारा प्रवाह एका अत्यल्प रोधातून नेलेला असतो. त्या रोधावर पडणारा दाब म्हणजे प्रवाहाचे मोजमाप. ते मोजमाप चिपमधील एका निश्चित दाबाशी सतत ताडून पाहिले जाते, आणि कमी-अधिक दिसले की वाटेवरील ट्रान्झिस्टर तितकाच उघडला किंवा मिटला जातो. या चिपची नेमलेली धार ३५० मिलिॲम्पियरची. क्वचित ३८० च्याही मिळतात.

आता चिप्स वाढवल्या की प्रवाह का वाढतो हे सांगायला फारसे श्रम नकोत. आठ दारांवर आठ गडी असतील तर आठ धारा खाचरात पडतात. आणखी चार दारे पाडून चार गडी उभे केले तर बारा धारा. आठ गुणिले ३५० म्हणजे २.८ ॲम्पियर, बारा गुणिले ३५० म्हणजे ४.२. येथे एक बारकावा आहे, आणि तो समजला म्हणजे ही युक्ती इतकी बिनबोभाट का चालते हे कळते. दोन एलईडी किंवा दोन साधे ट्रान्झिस्टर शेजारी-शेजारी समांतर जोडले तर जो किंचित अधिक उदार असेल तो बहुतेक प्रवाह आपल्याकडे ओढतो आणि आधी जळतो. या चिप्सचे तसे होत नाही, कारण प्रत्येक चिप केवळ आपल्यातून जाणारा प्रवाह मोजते. शेजारणीचा हिशेब ती पाहतच नाही. त्यामुळे त्यांच्यात ना स्पर्धा लागते, ना एकीचा भार दुसरीवर पडतो.

चिपच्या तीन पायांपैकी एक एलईडीच्या ऋण टोकाला जातो, मधला सेलच्या ऋण टोकाला, आणि तिसऱ्यावर चिपला जागे ठेवणारा दाब येतो. चिपच्या पाठीमागील धातूची जीभ मधल्या पायाशी अंतर्यामी जोडलेली असते. तिसऱ्या पायाची सूत्रे बहुधा पट्टीवरील एका लहानशा नियंत्रक चिपच्या हाती असतात; ती हा पाय सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करून मंद उजेड देते, आणि डोळ्याला ते लुकलुकणे उमगत नाही. या पायाला लागणारा प्रवाह अत्यल्प असल्यामुळे चार चिप्स अधिक आल्या तरी नियंत्रकावर ताण येत नाही.

पाठीवर चढवण्याचे काम

सामान फार लागत नाही. बारीक टोकाचे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची बारीक तार, फ्लक्स, चिमटा आणि मल्टिमीटर. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत यांतील बहुतेक जिन्नस एका फेरीत मिळतात. कथील ६३ भाग व शिसे ३७ भाग हे प्रमाण पसंत केले जाते, कारण त्या प्रमाणात मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि निवताना एकदम घट्ट होते. अर्धवट घट्ट अवस्थेत हात हलून डाख तडकण्याची भीती त्यामुळे कमी. शिशाचा अंश असल्याने काम झाल्यावर हात धुतल्यावाचून भाकरीला लावू नयेत, हे सांगणे न लगे.

फ्लक्सचे महत्त्व मात्र नवशिक्याला पटत नाही. तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला नवसागर टाकतो, तो धुरासाठी नव्हे. तापलेल्या तांब्यावर धरणारा गंज त्याने निघून जातो आणि कथील निर्मळ धातूला भिडते. येथे तेच कार्य राळयुक्त फ्लक्स करतो. नवसागर मात्र या कामी वर्ज्य, कारण त्याचा अवशेष बारीक जोड कालांतराने खाऊन टाकतो.

प्रथम सेल काढून दूर ठेवावा, आणि पट्टी विजेरीतून सोडवून चिमटीत पक्की धरावी. खालच्या चिपच्या तिन्ही पायांना व जिभेला फ्लक्स लावून त्यांवर कथलाचा पातळ हात फिरवावा. वरच्या चिपचे पाय चिमट्याने किंचित खाली वाकवावे, म्हणजे ते खालच्या पायांना टेकतील. दोन्ही चिप्सचे तोंड एकाच दिशेला हवे, कारण उलटी चिप बसली तर एलईडीचा पाय नियंत्रकाच्या पायाशी जुळतो. मग एकच कडेचा पाय डाखावा, सगळे सरळ आहे का ते भिंगातून पाहावे, आणि त्यानंतरच उरलेले दोन. डाख बसला की नाही हे त्याच्या आकारावरून कळते: कथील मण्यासारखे गोल राहिले असेल तर ते केवळ वर बसले आहे, आणि पायावरून खाली उतरत जाणारा लकाकता उतार झाला असेल तर ते धातूला भिडले आहे. जिभेचे काम शेवटी करावे. ती पट्टीच्या तांब्याशी एकजीव असल्याने उष्णता झपाट्याने पिऊन टाकते, आणि तेथे आयर्न थोडे अधिक वेळ टेकवावे लागते. पण ही जीभ आळसाने वगळू नये. खालच्या चिपची उष्णता तिच्या पोटाखालील तांब्यात उतरते. वरची बिचारी खालचीच्या प्लॅस्टिकवर बसलेली असल्यामुळे तिला उष्णता उतरवण्याला पाय आणि जीभ यांवाचून दुसरी वाट नसते.

काम झाल्यावर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. मुळशीच्या पावसाळ्यात, जेथे कपाटातील कातडी चप्पलेवरही बुरशी येते, तेथे दोन पायांच्या दरम्यान राहिलेला चिकट थर ओल धरतो. शेजारच्या पायांत संधान तर नाही ना, हे मल्टिमीटरने तपासावे. विजेरीची नळी बहुधा सेलच्या ऋण टोकाशी जोडलेली असते, आणि दुमजली झालेली चिप सुमारे तीन मिलिमीटर उंच होते; तिचा एलईडीकडचा पाय नळीच्या आतील भिंतीला टेकला तर सर्व गड्यांना वळसा घालून प्रवाह थेट वाहील. उष्णतारोधक चिकटपट्टीचा एक तुकडा तेथे पुरतो.

नंतरची तपासणी मोठी मौजेची आहे. पूर्ण भरलेला सेल घालून, शेपटीचे झाकण काढून तेथे जाड तारांनी ॲम्पियर-मापक लावावा. ४.२ च्या आसपास भरले तर काम फत्ते. ३.८५ भरले, म्हणजे नेमके एका चिपचे ३५० मिलिॲम्पियर कमी, तर एक चिप अद्याप रुजू झालेली नाही, ३.५ भरले तर दोन. जोड कोठे कच्चा राहिला ते शोधण्याआधी किती कच्चे आहेत हे आकडाच सांगतो.

उजेडाचा जमाखर्च

येथवर सर्व सुरळीत वाटते, आणि माझ्या मते बहुतेक उत्साही मंडळी येथेच थांबतात म्हणून फसतात. चिप प्रवाहाची हमी देते, पण ती हमी एका अटीवर आहे: तिच्या वाट्याला निदान ०.१२ व्होल्टचा दाब उरला पाहिजे. समजा ४.२ ॲम्पियरला एलईडी ३.४ व्होल्ट घेतो. सेलखालच्या पोलादी स्प्रिंगचा रोध ०.०५ ओहम धरला तर ती वाटेत ०.२१ व्होल्ट खाते. म्हणजे सेलकडून, भाराखाली असताना, ३.७३ व्होल्ट मिळाले तरच बारा चिप्स आपला शब्द पाळू शकतात. आणि लिथियम सेल तर आपल्या आयुष्याचा मोठा भाग याच पातळीच्या आसपास किंवा खाली घालवतो. त्यापुढे सगळी दारे सताड उघडी असतात, गडी फावडे टाकून स्वस्थ बसलेले असतात, आणि पाटात असेल तेवढेच पाणी खाचरात येते. परिणाम असा की, आठ चिप्सवर दीर्घकाळ एकसारखी तेवणारी विजेरी बारा चिप्सवर अर्ध्या वाटेतच, जुन्या बल्बच्या विजेरीप्रमाणे, हळूहळू मंदावू लागते. म्हणून जाणते लोक चिप्सना हात घालण्यापूर्वी स्प्रिंगच्या आतून तांब्याची विणलेली बारीक तार डाखून घेतात. एवढ्याशा तारेने पडणारा फरक एखाद्या जादा चिपहून मोठा असू शकतो.

उष्णतेचा हिशेब याहून कठोर आहे. स्प्रिंगला तांब्याची तार डाखलेली आहे असे धरले आणि नवा भरलेला सेल भाराखाली चार व्होल्ट देत असेल, तर प्रत्येक चिपवर ०.६ व्होल्ट पडून सुमारे ०.२१ वॅट उष्णता होते. बारांची मिळून अडीच वॅट. पण एलईडी स्वतः चौदा वॅटहून अधिक शक्ती घेतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक उष्णतेतच जाते. मुठीत मावणाऱ्या नळीला ती वाऱ्यावर टाकावी लागते, आणि पाच-सात मिनिटांत ती हातात धरवेनाशी होते. तापलेला एलईडी उजेडही कमी देतो. शिवाय प्रवाह वाढवत नेला की दर ॲम्पियरमागे मिळणारा प्रकाश थंड एलईडीतही घटत जातो. तेव्हा प्रवाह दीडपट केला म्हणून उजेड दीडपट होत नाही.

आणि झाला असे घटकाभर धरले, तरी दूरवर काय दिसते? विजेऱ्यांच्या वेष्टनावर जो पल्ला छापतात, तो प्रमाण रीतीने झोताची दीप्ती पौर्णिमेच्या चांदण्याइतकी, म्हणजे पाव लक्स, होते तेथवर मोजलेला असतो. आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत असल्याने तो पल्ला तीव्रतेच्या वर्गमुळाने वाढतो. दोनशे मीटरचा पल्ला दीडपट तीव्रतेने तीनशे होत नाही, २४५ होतो. घोटावड्याच्या खाचरात दोनशे मीटरवरील रानडुक्कर पाहायचे असेल तर ४५ मीटरची ही मिळकत उपयोगी. पण पायाखालचा बांध पाहण्यास तिचा उपयोग शून्य.

सेलची कुवतही पाहावी लागते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल ४.२ ॲम्पियरला धापा टाकतात, आणि ज्यांच्या अंगावर ९९०० असा आकडा छापलेला असतो ते तर उघड थापा मारतात; या आकाराच्या चांगल्या सेलची धारणक्षमता साडेतीन हजार मिलिॲम्पियर-तासांच्या आसपास असते. नामांकित कंपनीचा, सतत पाच ॲम्पियर तरी देऊ शकणारा सेल नसेल तर जादा चिप्सचा विचारच करू नये. लिथियम सेल अतिताणाने तापला तर प्रकरण उजेडापुरते राहत नाही.

चौकट : ३००० मिलिॲम्पियर-तासांचा सेल किती पुरेल?
(सेल संपेपर्यंत प्रवाह स्थिर राहिला असे धरून)
बारा चिप्स : ४.२ ॲम्पियर, सुमारे ४३ मिनिटे
आठ चिप्स : २.८ ॲम्पियर, सुमारे ६४ मिनिटे
चार चिप्स : १.४ ॲम्पियर, दोन तासांहून किंचित अधिक
एक चिप : ०.३५ ॲम्पियर, सुमारे साडेआठ तास

रात्रीच्या पाळीसाठी

या चौकटीतील शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रात्री पाणी देणाऱ्याला क्षणभर दूरवर झोत टाकायचा असतो, पण तासन्‌तास लागतो तो मंद, स्थिर उजेड. आणि एका चिपच्या प्रवाहावरही आजचा चांगला एलईडी बल्बच्या जुन्या विजेरीहून कितीतरी अधिक प्रकाश देतो. हा मंद उजेड बारा चिप्स भराभर चालू-बंद करूनही मिळतो खरा, परंतु त्यात एलईडीला प्रत्येक वेळी पूर्ण ४.२ ॲम्पियरचा तडाखा बसतो, आणि त्या तडाख्यात तो अकार्यक्षमच असतो; त्याउलट एकच चिप अखंड चालू ठेवली, तर तेवढ्याच सरासरी प्रवाहात उजेड अधिक मिळतो.

म्हणून चार चिप्स चढवणाऱ्याने त्याच बैठकीत आणखी एक काम करून घ्यावे. खालच्या आठांपैकी एका, एकमजलीच ठेवलेल्या चिपचा नियंत्रकाकडचा पाय आयर्नने तापवून पट्टीवरून अलगद उचलावा, आणि केसासारख्या बारीक, लाखेचा मुलामा असलेल्या तारेने तो नियंत्रकाच्या दुसऱ्या, मोकळ्या पायाशी जोडावा. नियंत्रकात त्याप्रमाणे नवा कार्यक्रम भरावा लागतो. ते जमत नसेल तर अशी दोन स्वतंत्र सूत्रे असलेली तयार पट्टी घेणे श्रेयस्कर. मग पहिल्या दाबाला ती एकटी चिप जागी होते आणि दुसऱ्याला बाराही. एकटीवर साडेआठ तास निघतात. दहा तासांच्या पाळीला दीड तास कमीच पडतो, सबब दुसरा भरलेला सेल, प्लॅस्टिकच्या डबीत घालून, खिशात ठेवावा लागतो. डबी एवढ्याकरिता की, त्याच खिशात किल्ल्या असतात.